मेघाच्या वाट्याचं औषध

धुरपतानं आतून कडी लावली आणि दोन्ही बाटल्या पदरात घेतल्या. मेघाच्या गोळ्या एका वाटीत ओतल्या, तृप्तीच्या दुसरीत. मग मेघाच्या गोळ्या तृप्तीच्या बाटलीत भरल्या आणि तृप्तीच्या मेघाच्या. दिसायला गोळी न् गोळी सारखी.

तिच्या दोन्ही पोरींना सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी निघाली, तेव्हा दिघोरी गावातून या दोघींची नावं लागली. "काहींना खरं औषध मिळेल, काहींना तशीच दिसणारी नुसत्या भुकटीची गोळी," तिथल्या रक्षा मॅडमनी समजावलं होतं. "कुणाला काय मिळालं, ते आम्हालाही ठाऊक नसतं. सगळं संपल्यावर कळेल." सहा महिने, दर महिन्याला जाऊन रक्त द्यायचं आणि नव्या बाटल्या आणायच्या.

धुरपताला मात्र दोन महिन्यांतच कळलं. सोळा वर्षांच्या मेघाच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरला, ती सायकलनं शाळेत जाऊ लागली. एकोणीस वर्षांची तृप्ती गुडघे पोटाशी धरून कण्हत पडायची. धाकटी तर सावरली. आता थोडं थोरलीच्याही पोटात जाऊ दे, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं.

त्याच संध्याकाळी तृप्तीनं बाटल्या हातात घेतल्या. रोज दोघींच्या गोळ्या काढून द्यायचं काम तिचंच.

"माय, बाटल्या कोनं उघडल्या?"

"मी. वरचा कापूस काढून ठेवला."

तृप्तीनं आईकडे पाहिलं. "बरं केलं," म्हणाली.

पुढेही दर महिन्याला नव्या बाटल्या आल्या की धुरपता कडी लावायची. रोज तृप्तीला विचारायची, "गोळी घेतली काय वं?"

"घेतली ना माय. कायले रोज रोज विचारून राहिली?"

मेघाला जरा धाप लागली तरी धुरपता हातातलं काम टाकून तिच्याकडे धावायची. तिच्या ताटात ती गुपचूप जास्तीचं अंडं वाढायची. पण मेघाला काहीच झालं नाही. खंगत गेली ती तृप्तीच.

"तुलेच काहून आराम पडत नाही वं?" एकदा धुरपताला रडूच फुटलं.

"मेघी कशी पळून राहिली, पाह्य. तेवढं पाह्य ना माय."

सहाव्या महिन्याचं रक्त देऊन आल्यावर आठव्या दिवशी सकाळी तृप्तीची छाती दुखू लागली. बाप, ईश्वर, भाताच्या बांधीतून तसाच चिखलाच्या पायांनी धावत आला. गाडी साकोलीच्या दवाखान्याकडे निघाली. वाटेतलं सानगडी गाव ओलांडलं नाही तोच तृप्तीचा श्वास थांबला.

त्यानंतर धुरपताला घास गिळवेना. आपला अंदाजच चुकला, असं तिच्या मनानं घेतलं होतं. खरं औषध तृप्तीच्याच बाटलीत असणार. उशिरा का होईना, लागू पडलं असतं. ते आपण तिच्या तोंडचं काढून घेतलं. हे तिनं ईश्वरलाही सांगितलं नाही.

दीड महिन्यानं दवाखान्याचं बोलावणं आलं. धुरपता एकटीच गेली. रक्षा मॅडमनी फाईल उघडली.

"मेघाच्या बाटलीत औषध होतं, मावशी. तृप्तीच्या बाटलीत भुकटी."

म्हणजे अंदाज खरा होता. चार महिने तृप्तीनं खरं औषध घेतलं, आणि तरीही ती गेली? आता धुरपताला हे पोटात ठेवणं जमेना.

"मॅडम, मीच बदलल्या गोळ्या. तिसऱ्या महिन्यापासून. मेघाच्या तृप्तीले देल्या, तृप्तीच्या मेघाले. मले काय शिक्षा करायची ते करा."

रक्षा मॅडमनी दर महिन्याच्या रक्ततपासणीचे कागद काढले. एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

"नाही हो मावशी," त्या हळूच म्हणाल्या. "सहाही महिने औषध मेघाच्याच रक्तात आहे. तृप्तीच्या रक्तात एकदाही सापडलं नाही."