उसना दम

डॉ. मृणाल केळुसकरांनी सुमनमावशींच्या स्वयंपाकघरात छाती आवळून धरणारं जाकीट चढवलं. आता अर्धा तास त्यांच्या छातीला मावशींइतकाच दम मिळणार होता. मावशींना करोनातून उठून वर्ष झालं होतं. चालण्याच्या चाचणीत मावशी पास होत, विचारलं की ‘बरंय’ म्हणत, आणि अहवालात ‘पूर्ण बऱ्या’ असं पडे.

“चालणं राहू द्या,” मावशी म्हणाल्या. “भाकऱ्या थापा.”

दुसऱ्याच भाकरीला डॉक्टरांना धाप लागली. तेवढ्यात मावशींची सून रेवती आली.

“डॉक्टर, चहा ठेवू ना?”

डॉक्टर खाली मान घालून थापत राहिल्या. उत्तरापुरताही श्वास उरला नव्हता.

“रागावलात का?” रेवतीने विचारलं, आणि ती थबकली. वर्षभर रोज हेच ती सासूला विचारत होती.

“आई,” ती हळूच म्हणाली, “उद्यापासून भाकऱ्या मी करते. तुम्ही नुसतं बसून बोला.”