चोवीस खणांचे कपाट

पाहुण्याने वरचा खण आत ढकलला, तसा खालचा खण आपोआप बोटभर बाहेर आला. त्याने खालचा ढकलला. वरचा बाहेर आला. आत कोंडलेल्या हवेने शेजारचा खण पुढे सरकावा, इतके नेमके काम आपण दहा वर्षांत पाहिले नाही, असे म्हणत तो भुशातच गुडघे टेकून बसला.

कपाट एका घड्याळजीने आपल्या सुट्या भागांसाठी बनवून घेतले होते. ते अर्धे झाले असताना त्याने काढलेले फोटो पाहुण्यापर्यंत पोहोचले, आणि पाहुण्याने महिन्यापूर्वी या सुताराच्या दुकानाला पत्र धाडले. तो एका मोठ्या कार्यशाळेचा प्रमुख होता. शे-दोनशे वर्षांपूर्वीचे मोडके लाकूडकाम तिथे पुन्हा उभे केले जाई. त्याला एक माणूस हवा होता, आणि तो हे कपाट करणाराच हवा होता.

ते करणारी पॉलिशच्या डब्याजवळ उभी होती. म्हाताऱ्या मिस्त्रींची ती थोरली मुलगी. चौदा वर्षे ती या एका खोलीत करवत चालवत होती. धाकटा भाऊ फळ्या उचलून देई, खिळे आणी, आणि खुर्चीचे चार पाय एकसारखे कापायचे ठरवले की शेवटी चौरंग करून ठेवी. तरी दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर हात ठेवून मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत की हे धाकट्याचे काम. तिने कधी वाद घातला नव्हता. बाबांचा मोतीबिंदू आणि पुत्रप्रेम ही दोन्ही एकदमच पिकली आहेत, असे ती मैत्रिणींना हसत सांगे. हसण्यामागे तिची समजूत पक्की होती: त्यांना दिसतच नाही.

पाहुण्याने एक खण पूर्ण बाहेर काढला आणि कोपऱ्यातल्या सांध्यावरून नख फिरवले. करवतीच्या फटी आणि सुरीने आखलेल्या रेघा सगळ्या एकाच बाजूने उतरल्या होत्या. हे डावऱ्या माणसाचे काम आहे, तो म्हणाला. तिने डावा हात पॉलिशच्या फडक्यासकट पाठीमागे नेला. का नेला, ते तिलाही सांगता आले नसते.

पाहुण्याची नजर तिच्यावर पडली. “आणि तुम्ही काय करता, बाई?”

उत्तर जिभेवर होते. पण समोर बाबा उभे होते, दोन्ही हात पोटाशी बांधून, मान किंचित पुढे काढून, ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखे. चारचौघांत त्यांचा भ्रम मोडायचा, तोही परक्यासमोर, हे तिच्याने होईना. पाहुणा चहाला थांबणारच होता. बाबांना आत नेऊन सांगता आले असते, त्यांच्याच तोंडून ते बाहेर वदवता आले असते. एवढे औदार्य आपल्याला परवडेल, असे तिला वाटले.

“पॉलिश करते,” ती म्हणाली.

पाहुणा चहाला थांबला नाही. त्याने नेमणुकीचा कागद धाकट्यापुढे केला. आमच्याकडे शिकवत नाहीत, तो धाकट्याला हसत म्हणाला. सोमवारी हजर व्हायचे, आणि दुपारपर्यंत एखादी तुटकी पेटी समोर येईल. धाकट्याने मान डोलावली. ऐकले त्याने ‘सोमवार’ एवढेच असावे. मग त्याने पेन घेतले. डाव्या हातात घेतले.

सही सावकाश झाली. अक्षरे थोडी थरथरली, पण ओळ सोडून खाली आली नाहीत. उजव्या हाताच्या माणसाला अशी सही एका दिवसात जमत नाही. निदान तीन आठवडे कुणीतरी शेजारी बसून ती गिरवून घ्यावी लागते. मिस्त्रींनी कागद वाळण्यासाठी त्यावर फुंकर घातली.

धाकटा पाहुण्याला मोटारीपर्यंत सोडायला गेला. खोलीत दोघेच उरले. तिला वाटले होते त्याहून तिचा आवाज शांत निघाला. तिने विचारले, की काम माझे आहे हे कधीपासून ठाऊक आहे. मिस्त्री म्हणाले, तू सोळा-सतरा वर्षांची असताना पाटाचा पहिला सांधा कापलास, तेव्हापासून. असा सांधा मला स्वतःला कधी जमला नाही. हे सांगताना त्यांच्या स्वरात लाज नव्हती, उलट कौतुकच होते. पाहुण्याने बाहेर काढलेला खण त्यांनी उचलून जागेवर बसवला. अंदाज न घेता, पहिल्याच खेपेला बसवला. त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेले नव्हते.

मग ती रागाने नव्हे, भावाच्या काळजीने बोलली. रस्त्यावर तो मोटारीचे दार धरून हसत होता, नवे कपडे कोणते शिवावे याचा विचार करणाऱ्या माणसाचे हसू.

“बाबा, त्याला करवत धरता येत नाही. सगळ्यांदेखत चोर ठरवून आठ दिवसांत हाकलतील त्याला.”

“चारच दिवसांत,” मिस्त्री म्हणाले, आणि तिच्या हातून पायापाशी गळून पडलेले फडके उचलून तिच्या हातात दिले. “त्यानंतर या दुकानातून माणूस न्यायला पुन्हा कुणी येणार नाही.”