पाच कोंबड्या

२०१९च्या वैशाखात गंजाडला शुक्राच्या खळ्यावर सहा माणसं काठ्या घेऊन उभी होती. पेंढ्याची उडवी अर्धी उपसली होती. तळाशी अजगर वेटोळं घालून बसला होता आणि वेटोळ्याच्या फटींतून पांढरी अंडी दिसत होती.

“हाच चोर. पंधरा दिवसांत पाच कोंबड्या गिळल्या,” शुक्राचा पुतण्या मुकेश म्हणाला.

शुक्राची बायको सोनीबाई ओट्यावर बसत होती, उठत होती. अजगराचं नाव तिनेच घेतलं होतं. कोंबड्या कमी दिसतात, असं शुक्रा म्हणाला तेव्हा तिने ठोकून दिलं होतं, “अजगर नेत असेल.” खराच अजगर निघेल, हे तिला कुठे ठाऊक होतं! शुक्रानेही एरवीसारखी हुज्जत घातली नव्हती.

डहाणू रोडहून साप सोडवणारी शितल आली. उकिडवी बसून बघत राहिली. अजगराचं अंग थांबून थांबून थरथरत होतं.

“मादी आहे. अंग थरथरवून अंड्यांना ऊब देतेय. कोंबडी निदान दाणे टिपायला उठते. ही महिनाभर तरी बसलेली दिसते. अंडी फुटेपर्यंत काही खाणार नाही.”

“मग कोंबड्या काय उडून तलासरीला गेल्या?” मुकेशने काठी उचलली. माणसं हसली.

“थांब रे!” सोनीबाई मध्ये शिरली. “मी दिल्या. भारतीला. बाळंतीण आहे माझी पोर.”

हसणं थांबलं. भारतीने स्वतःच्या मर्जीने लग्न केल्यापासून शुक्राने घरात तिचं नाव घ्यायला बंदी केली होती. ती सायवनला राहत होती. दीड वर्षात तिच्याकडे कोणी गेलं नव्हतं, असं सगळे समजत होते.

“पाचही दिल्या, काकी?”

“नाही. तीन.”

“मग दोन तरी हिनेच...” मुकेश पुन्हा अजगराकडे वळला.

शुक्राने त्याची काठी धरली. “दोन मी नेल्या,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

त्याच संध्याकाळी नवरा-बायको सायवनला गेली.

ज्येष्ठ सरताना अंडी फुटली. पिल्लं आपापल्या वाटेने गेली, मादीही गेली. मुकेश आता साप दिसला की आधी शितलला फोन लावतो. सोनीबाईचे गुडघे धरलेत, तरी कोंबड्या आहेतच. भारतीचा तुषार पहिलीत आहे. शुक्रा दोन वर्षांपूर्वी वारला.

तो गेल्यावर भारतीने आईला सांगितलं. पहिल्यांदा बाप कोंबडी ओट्याच्या खांबाला बांधून न बोलताच निघून गेला होता. दुसऱ्यांदा त्याने दारात उभं राहून विचारलं, “पोराला बघू?” पण आत चुलीपाशी आई रस्सा ढवळत होती, म्हणून भारतीने त्याला ‘बाळ झोपलंय’ सांगून परत पाठवलं होतं.