शपथेवरचं वय

"मुलीचं वय किती?" १९५५ साली ठाण्याच्या कोर्टात कमळाबाईच्या वकिलाने मुलीच्या बापाला, काळुरामला विचारलं.

"पंधरा. अजाण हाय, अठराच्या आत. नवरा मेला म्हनून मी दुसरं लगीन ठरवलेलं, तर या मावशीने पोर घरातून पळवली!" काळुरामने आरोपीच्या पिंजऱ्यातल्या कमळाबाईकडे बोट रोखलं.

"चार वर्षांपूर्वी, मुलीच्या पहिल्या लग्नावरून तुमच्यावर बालविवाहाचा खटला झाला. तेव्हा याच कोर्टात शपथेवर किती वय सांगितलंत?"

"जुनी गोष्ट हाय ती," काळुराम म्हणाला.

"पंधरा पूर्ण," वकिलाने जुनी जबानी वाचली. "कायद्याने लग्नाला लागतं नेमकं तेवढं! म्हणजे चार वर्षांत पोरगी एका दिवसानेही वाढली नाही?"

"तवा खोटं बोललो!" काळुराम खेकसला. "अकराची होती. टाका मला आत. पन पोरगी माझ्या ताब्यात द्या."

मॅजिस्ट्रेट तुळसाकडे वळले. "मुली, तूच सांग. तुझं वय काय?"

"एकोनीस, सायेब. मी मावशीकडंच राहनार."

"थोबाड फोडीन, तुळशे!" काळुराम कठड्यावर मूठ आपटत ओरडला. "एकोनीस कुनी शिकवलं तुला? या मावशीने?"

"मावशीने नाय, बा. तू." पहिल्यांदाच तुळसाने बापाच्या डोळ्यांत डोळे घातले. "त्या खटल्याच्या वेळी काठीने मारून मारून पंधरा पाठ करून घेतलेस ना? त्यात वरचे चार तेवढे मी मिळवले."