विकायचा नसलेला बेड

सहा वर्षांची राजेश्वरी आई-बापाच्या मधे आडवी झोपायची. तिच्या लाथांना वैतागून तिचा बाप विश्वजित तिच्या खोलीसाठी बेड घ्यायला आपली आई आणि बायकोसोबत कराडला आला. दुकानाच्या कोपऱ्यात वाकळ अंथरलेला एक सिंगल बेड होता.

"हाच द्या," विश्वजित म्हणाला.

"तो विकायचा न्हाई," दुकानदार म्हणाला.

"पोरगी एकटी भिती. मी झोपणार तिच्याजवळ," आई म्हणाली. मग डबल बघितला.

"आत्याबाई घोरत्यात, पोरगी दचकून उठंल. मलाबी तिथंच झोपाय लागंल," बायको सासूकडं बघत म्हणाली. मग सगळ्यात मोठा बघितला.

"आन् जत्रेला पाव्हणं आलं म्हंजी?" आई.

"आमचा जुना बेड नेऊन जोडू की त्याला," बायको.

सासूसुनेचं एकमत झालं. आपण नक्की कुणाचा बेड घ्यायला आलोय, हे विश्वजितला कळेना.

"आन् मी कुठं झोपू?"

दोघी गादी दाबून बघत होत्या. दुकानदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या पोरीला बेड घेतल्यापास्नं मी त्या कोपऱ्यात झोपतोय. शेजारी अजून एक बेड बसतोय. वाकळ तेवढी तुमची आणा."