हसण्याचा ट्रॅक

या सिनेमात त्याचा फायदा सरळ होता. पडद्यावर 'संगीत' या शब्दापुढे पहिल्यांदाच त्याचं एकट्याचं नाव येणार होतं. आजवर ते यायचं 'साहाय्य' म्हणून, लोक खुर्च्यांवरून उठून चपला शोधायला लागले की. आता काम उरलं होतं ते हमालीचं: कॉम्प्युटरमधल्या वाद्यांचे सगळे ट्रॅक ऑडिओ करून मिक्सिंगवाल्याला पाठवायचे.

मिडी ट्रॅकमध्ये आवाज नसतो. नुसता हुकूम असतो: ही पट्टी, या क्षणी, इतक्या जोरात. आवाज काढायचा सॉफ्टवेअरमधल्या वाद्याने, तोही दर वेळी नव्याने. म्हणून दर वेळी केसाएवढा वेगळा. एकदा ऑडिओ केला, म्हणजे तो आवाज कायमचा रेकॉर्ड केला, की संपलं. मग हजारदा लावा, तोच.

त्याची वाद्यं घरचीच होती. सासऱ्यांचा हुंकार रेकॉर्ड करून त्यातून त्याने एक खर्जातलं वाद्य बनवलं होतं. बायकोच्या हसण्यातून दुसरं, बारीक, काचेसारखं. दिग्दर्शक या दोघांवरच भाळला होता.

सासरे मुळात बोलणारे नव्हेत. सासूबाई गेल्यावर लेकीकडे राहायला आले ते एक 'हं' घेऊन. पण त्या एका 'हं'वर त्यांचा सगळा कारभार चालायचा. एक होकाराचा, एक 'बघू'चा, एक 'तुम्ही शहाणे, तुम्हीच ठरवा'चा. जावयासाठी एक खास राखीव होता. त्याचा अर्थ जावयाने कधी विचारला नाही. वाद्यासाठी त्याने घेतला होता तो जेवणानंतरचा, तृप्त.

सकाळी त्या हुंकाराचा ट्रॅक ऑडिओ झाला. दुपारी बायको दारात आली.

"बाबांना काय झालंय?"

"काय झालंय?"

"पडदा ओढू का, हं. पेपर देऊ का, हं. सगळं एकसारखं. मघाशी ठसका लागला, तर खोकल्याच्या जागीसुद्धा तेच."

"वय झालंय त्यांचं."

"सकाळी नव्हतं झालं वाटतं."

स्पीकरमधून तो हुंकार येत होता. ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "माझं हसू राहू दे. वाजव हवं तितकं. ऑडिओ करू नकोस."

"अगं, असं कुठं असतं का?"

"नसतं ना? मग नाही केलंस तरी काय बिघडतं?" आणि आपल्याच युक्तिवादावर ती हसली, अर्धवट चिडून, शेवट आत ओढून घेत. असं ती याआधी कधी हसली नव्हती.

"बरं," तो म्हणाला.

शेजारच्या खोलीत जाऊन सासऱ्यांचा आणि स्पीकरमधला हुंकार ताडून पाहणं त्याला अवघड नव्हतं. कान तयार होता. पण ताडलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर थांबावं लागलं असतं.

संध्याकाळी मिक्सिंगवाल्याचा फोन आला. "दादा, वहिनींचा ट्रॅक तेवढा राहिलाय. तो आल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि उद्यापासून मी दुसऱ्या पिक्चरवर आहे. मग दुसरा कुणीतरी बघा."

त्याने मनाशी आकडेमोड केली. समजा, झालंच तसं. तर राहील काय? हसूच ना? घरोघरचे नवरे ज्यासाठी जिवाचं रान करतात, ते आपल्याला बसल्या जागी मिळेल. तरीही त्याने मूळ मिडीची एक प्रत बाजूला ठेवली. परतीची वाट राखली की माणसाला वाईट वागायला धीर येतो. ती बाबांना भरवत होती तेवढ्यात तिच्या हसण्याचा ट्रॅक ऑडिओ झाला आणि गेलाही.

त्यानंतर घर फार आनंदी झालं. तो चिडला की ती हसायची. भाजी करपली, ती हसली. काही बोलायला तोंड उघडलं की हसूच पुढे यायचं, आणि शब्द मागे राहायचे. मग तिने तोंड उघडणंच कमी केलं.

एक दिवस बाबांचं काहीतरी दुखतंय असं वाटून ती खुणा करून डॉक्टरांना घेऊन आली.

"काय काका, बरं वाटतंय ना?"

"हं." इतका तृप्त, की डॉक्टरांनी बॅग उघडलीच नाही. सासऱ्यांनी त्यांची बाही घट्ट धरली होती. "प्रेमळ आहेत," म्हणत डॉक्टरांनी बोटं एकेक करून सोडवली. ती काहीतरी सांगायला पुढे झाली आणि हसली. डॉक्टरही हसले. "असंच हसत राहा," म्हणाले.

सासरे गेले त्या सकाळी ती खोलीतून बाहेर आली. डोळ्यांना धारा लागलेल्या, हनुवटी थरथरत होती, आणि घशातून येत होतं ते हसू. बारीक, काचेसारखं, शेवटाला जरा वर जाणारं. तो कॉम्प्युटरकडे धावला. राखून ठेवलेली प्रत उघडली. हुकूम सगळे जागच्या जागी होते. एकामागून एक पुढे सरकत होते. वाद्य मुकं होतं; त्यातला आवाज ऑडिओबरोबर कधीच निघून गेला होता.

शेजारपाजारचे जमले. ती बापाच्या उशाशी बसून हसत होती. कुणी मान फिरवली, कुणी आपलं पोर उचलून बाहेर नेलं. "जावयानं मुलासारखं केलं हो," जिना उतरताना एक बाई म्हणाली, "आणि पोटची पोर बघा."

हिशोब असा मिटला: म्हातारा जिवानिशी गेला, लेक रडण्याला मुकली, आणि वर निर्दयपणाचा बोल आला तोही तिच्याच वाट्याला. त्याच्याकडे कुणी काही मागितलंच नाही.