काकूंचं जॅकेट
"पोहता येत नाही हो मला," पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या विमानात चढताना जयवंतीकाकू म्हणाल्या. ओमानमधल्या खसाबच्या धक्क्यावर मराठी ऐकून प्रवाशांना विमानात चढवणारा हारून विरघळला. पंधरा वर्षं त्याने पर्यटकांच्या बोटीवर काढलेली. जॅकेट फुगवणारी गॅसची नळकांडी वाचवायला लाइफजॅकेटं तोंडानेच फुगवून द्यायची, ही तिथली रीत. त्याने काकूंचंही टम्म फुगवलं. "आता बुडायची भीतीच नाय, काकू!" उड्डाण घेतानाच लाटेवर आपटून विमान उलटलं. हारून बोट घेऊन धावला. सगळे दारातून बुडी मारून निसटले होते, काकू सोडून. "जॅकेट आतच कुणी फुगवलं?" पायलट ओरडला. "बाहेर पडल्यावर फुगवायचं असतं!" हारूनने सूर मारला. दार खाली होतं; फुगलेलं जॅकेट काकूंना वर रेटत होतं. त्याने त्यांचा पाय ओढला. जॅकेटने हिसकावून नेला. काचेआड काकूंचे बुडबुडे थांबले. जॅकेटात हारूनचा श्वास अजून टिकून होता.